काळी पाच म्हणजे बायकांची पट्टी नव्हे

प्रश्न : मी ३६ वर्षांची आहे. लग्नाआधी गाण्याच्या काही परीक्षा दिल्या होत्या. मोठा खंड पडला आणि दोन वर्षांपूर्वी पुन्हा क्लास लावला. आमच्या क्लासमध्ये सगळ्या बायकांना काळी पाच ही पट्टी ठरलेली आहे, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी हा षड्ज. घरी मी पांढरी चारमध्ये गाते तेव्हा गळा मोकळा वाटतो. काळी पाचमध्ये पंचमाच्या पुढे आवाज पातळ होतो आणि धैवतावर फाटतो. गुरुजी म्हणतात, ‘बाईच्या गळ्याला पांढरी चार शोभत नाही, रियाज करा, चढेल.’ सासूबाई म्हणतात, ‘खाली गातेस तेव्हा आत कुणी पुरुष गातोय असं वाटतं.’ माझा चौदा वर्षांचा मुलगाही तिथेच शिकतो. त्याचा आवाज फुटतोय. वरचे सूर तो हलक्या आवाजात लावतो, म्हणून मुलं ‘बायकी’ म्हणून चिडवतात. त्याचं गाणं काही दिवस बंद ठेवावं का? आणि मी पट्टी बदलावी की रियाज वाढवावा?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती शोभण्या-न शोभण्याची नाही. ‘पंचमाच्या पुढे पातळ होतो, धैवतावर फाटतो’ ही ओळ कामाची आहे, कारण तिच्यावरून दुखणं नेमकं कुठे आहे ते कळतं.

खालच्या सुरांत स्वरतंतू आखूड आणि जाड राहून पूर्ण जाडीने एकमेकांना भिडतात. त्यालाच आपण छातीचा आवाज म्हणतो. सूर वर जाऊ लागला की तंतू ताणले जातात, पातळ होतात आणि फक्त त्यांच्या कडा भिडतात. तो हलका, डोक्यातला आवाज. एकातून दुसऱ्यात जाण्याची जागा म्हणजे सांधा. पुरुषांचे तंतू लांब असल्यामुळे त्यांचा सगळा आवाजच खाली असतो, पण सांध्याची जागा मात्र स्त्री-पुरुषांत वाटते तेवढी वेगळी नसते. दोघांचाही सांधा साधारण ३०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात सापडतो.

आता हिशेब करू. काळी पाचचा षड्ज २३३ हर्ट्झचा. त्याचा पंचम ३५०, धैवत ३९० च्या आसपास. म्हणजे तुमचा सांधा बरोबर पंचम-धैवतावर पडतो, मध्य सप्तकाच्या ऐन वस्तीत. यमन घ्या, भूप घ्या, बागेश्री घ्या, गाणं तिथूनच दर दोन मिनिटांनी ये-जा करतं. पांढरी चारचा षड्ज १७५ हर्ट्झचा. तिथे तोच सांधा शुद्ध निषाद, तार (म्हणजे वरच्या सप्तकातला) षड्ज आणि तार रिषभावर जातो आणि मध्य सप्तक सलग एका आवाजात मिळतं. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज १३९ हर्ट्झचा असतो, त्याचा सांधा तार रिषभ ते तार मध्यम एवढ्या वर पडतो. बहुतेक पुरुष गायकांना मध्य सप्तकात सांध्याची चिंताच करावी लागत नाही ती यामुळे. काळी पाचमधली बाई मात्र तीच अडचण रोज बंदिशीच्या मध्यभागी सोडवत असते. मग तिला ‘रियाज कमी पडतो’ असं सांगणं तिच्यावर अन्याय आहे.

काळी पाचमध्ये उत्तम गाणाऱ्या बायका आहेत, यात शंका नाही. त्यांचा गळा मुळात तेवढा वर आहे, किंवा त्यांनी लहानपणापासून छातीचा आवाज वजन कमी करत करत वर नेण्याची सवय लावून घेतली आहे. पाश्चात्त्य ऑपेरात बाईचा आवाज हलक्या, डोक्यातल्या बाजूनेच घडवतात. ख्यालात अपेक्षा उलटी आहे : तिन्ही सप्तकांत आवाजाची जात एकच राहावी, आकार, म्हणजे ‘आ’ लावून गाणं, उघडा असावा, वर गेल्यावर तो दुसऱ्या कुणाचा वाटू नये. ही अपेक्षा पुरी करायची तर पट्टी गळ्याला मानवणारीच हवी.

मग ‘बायकांची पट्टी’ आली कुठून? थोडी शरीरातून आली हे खरं. सरासरी बाईचा गळा सरासरी पुरुषापेक्षा चार-पाच स्वर वर असतो, म्हणून काळी तीन ते काळी पाच हा प्रदेश पुष्कळ जणींना मानवतो. पण सरासरीचा नियम करून तो प्रत्येकीला लावणं ही समाजाची करणी. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जान यांच्या तबकड्या निघाल्या तेव्हा मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यात तोंड घालून गावं लागे. उंच, धारदार आवाज त्यात चांगला उतरे. तबकडीत तोच टिकला आणि ऐकणाऱ्यांच्या कानात बाईचं गाणं म्हणून तोच बसला. मराठी मुलखात तर आणखी वेगळं घडलं. १९०५ मध्ये ‘शाकुंतल’मधून रंगभूमीवर आलेले बालगंधर्व पुढची काही दशकं घराघरातल्या बायकांना साडी कशी नेसावी इथपासून पद कसं म्हणावं इथपर्यंत सगळं शिकवत राहिले. स्त्रीभूमिकेसाठी त्यांनी खोटा, पातळ आवाज काढला नाही. उंच पट्टीत, पण स्वतःच्याच आवाजात ते गायले. बायकी गाण्याचा आपल्याकडचा सर्वांत लाडका नमुना एका पुरुषाने घडवला, हे सासूबाईंना जरूर सांगा. त्यांना नाट्यसंगीत आवडत असेल तर पटेलही. पुढे १९४९ नंतर हिंदी चित्रपटाने नायिकेसाठी पातळ, उंच आवाज पक्का केला आणि त्याआधीचे भरदार बायकी आवाज मागे पडले.

मैफलीत दुसरा भेद होता. ध्रुपद-ख्याल पुरुषांचा, ठुमरी-दादरा बायकांचा अशी वाटणी होती. ती मोडून ज्या बायका ख्यालात उभ्या राहिल्या त्यांचा आवाज कुणी नाजूक म्हणून वाखाणला नाही. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या तो खुला, भरीव आकार. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या, १९३० च्या दशकातल्या तबकड्या ‘गांधारी’ या नावाने निघाल्या. त्यात आवाज उंच आणि कोवळा आहे. पुढे टॉन्सिलच्या उपचारानंतर तो खाली उतरला तो कायमचा. अनोळखी माणसाने डोळे मिटून ऐकलं तर पुरुष गातोय असंच वाटावं, इतका. त्यांनी तो वर ओढला नाही, गाणं त्याच्यावर बांधलं. २००२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं ते त्याच आवाजासाठी. दोन्ही काळांतली ध्वनिमुद्रणं एका संध्याकाळी लागोपाठ लावा आणि घरात सगळ्यांना ऐकू द्या. वाद घालण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आता तुमची पट्टी. ‘मोकळं वाटतं’ एवढ्यावर ठरवू नका, तपासून घ्या. झोपेतून उठल्या-उठल्या गळा जड असतो, दोन-तीन स्वर खालचे फुकट मिळतात आणि फसवतात. म्हणून सकाळी उशिरा किंवा संध्याकाळी, दहा मिनिटं गुणगुणून झाल्यावर बसा. मोबाइलवर ट्युनर लावा. पेटी वापरणार असाल तर सुरांचा एकच संच उघडा ठेवा. खर्ज (खालचा) आणि नर (त्याच्या वरचा) हे संच एकत्र वाजले की कुठल्या सप्तकात गातोय याचा हमखास घोळ होतो. आकारात एकेक स्वर खाली उतरा. ज्या स्वरावर आवाजाऐवजी हवा ऐकू येऊ लागते त्याच्या आधीचा स्वर लिहून ठेवा. मग वर जा, आणि जिथे हनुवटी वर उचलावी लागते किंवा मानेच्या शिरा ताणल्या जातात तिथे थांबा, तोही लिहा. असं तीन वेगवेगळ्या दिवशी करा, आणि त्यातला सर्वांत वाईट दिवस खरा धरा, कारण मैफल किंवा परीक्षा नेमकी त्याच दिवशी येते.

खालचा स्पष्ट स्वर हा मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम धरायचा, षड्ज त्याच्या वर चौथ्या स्वरावर येतो. तुमचा खालचा स्वर पांढरी एक, म्हणजे १३१ हर्ट्झपर्यंत भरीव मिळत असेल, तर पांढरी चार तुमचीच. तो काळी एकपाशी संपत असेल तर काळी तीन घ्या, पांढरी दोनपाशी संपत असेल तर पांढरी पाच. वर तार गंधार आरामात आणि तार मध्यम-पंचम थोड्या कष्टाने मिळायला हवेत. दोन्हीकडून जमत नसेल तर खालची बाजू आधी सांभाळा. ख्यालाची बढत, म्हणजे रागाचा हळूहळू विस्तार, मंद्रातून होते. तिथे नुसती हवा निघाली तर पुढचं सगळं पोकळ वाटतं.

इथे एक धोका आहे, आणि तो नेमका गंगूबाई ऐकल्यावर वाढतो : आवाज भारी व्हावा म्हणून कंठ खाली दाबून, जीभ मागे ओढून गाणं. त्याने गोलवा आल्यासारखं वाटतं, पण तानेचा वेग जातो आणि श्रुती उतरते. ओळखायचं कसं? गाताना कंठमण्यावर बोट ठेवा. षड्ज लावण्याआधीच तो खाली गेला तर तुम्ही दाबताय. वाक्य बोलता-बोलता त्याच आवाजात षड्जावर या, म्हणजे दाब सुटतो.

पट्टी खाली आणली तरी सांधा जाणार नाही, फक्त तार षड्जाजवळ जाईल. त्याच्यावर रोज काम हवं. सकाळी पंधरा मिनिटं खर्ज, षड्जापासून मंद्र पंचमापर्यंत, प्रत्येक स्वर एका श्वासाचा. स्पष्ट स्वराच्या खाली ओढून नेऊ नका. मग पाच मिनिटं फक्त सांधा : ध नी सां नी ध, मींडेने (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत), आधी ओठ मिटून ‘म्’, मग ‘ऊ’, मग आकार. वर जाताना आवाज लहान करायचा. बहुतेकांचा आवाज फाटतो तो इथे उलटं केल्यामुळे : सूर वर चालला की घाबरून जोर वाढवतात, जाड तंतू ताणले जायला नकार देतात आणि एकदम सुटतात. हळू आवाजात सलग मींड येऊ लागली की मगच, दोन-तीन आठवड्यांनी, आवाज वाढवा. तोवर सांध्यावरून जाणाऱ्या द्रुत ताना बाजूला ठेवा. आणि किंचित तडा राहिलाच तर जीव टाकू नका. बेगम अख्तर यांच्या आवाजात वरच्या सुरांवर पडणारा तडा लोक जिवापाड जपून ऐकत. ख्यालात तो दोष मानतात, ठुमरीत दाद घेऊन जातो.

गुरुजींशी काय बोलायचं हा तुमचा खरा पेच दिसतो. ‘तुमची पट्टी चुकीची आहे’ असं म्हणून काही साधणार नाही. एकट्या तालमीच्या वेळी विचारा, ‘आज एक बंदिश पांढरी चारमध्ये ऐकवू का?’ आणि अशी बंदिश निवडा जिची स्थायी मंद्रात उतरते. दरबारी किंवा मालकंस घ्या. फरक त्यांना ऐकूनच कळेल. समूहात काळी पाच बदलणं अवघड, कारण एकाच तंबोऱ्यावर दहा जणी बसतात. तिथे स्थायी पूर्ण आवाजात गा, अंतरा निम्म्या आवाजात, आणि तार षड्जाच्या पुढे गप्प राहून लक्ष देऊन ऐका. एक सोय मात्र आहे : काळी पाच हा पांढरी चारचा शुद्ध मध्यम आहे. म्हणजे क्लासचा षड्ज तुमच्या घरच्या तंबोऱ्यावर मध्यम म्हणून बसतो. हे नातं वापरून स्त्री-पुरुषांनी आपापल्या पट्टीत एकत्र गाण्याची रीत आहेच. पंडित जसराज यांची जसरंगी जुगलबंदी याच तत्त्वावर उभी आहे : पुरुषाचा मध्यम हा बाईचा षड्ज, आणि मूर्च्छनेने, म्हणजे त्याच सुरांत षड्जाची जागा बदलून, दोघं एकाच वेळी दोन वेगळे राग गातात. तालमीचं ध्वनिमुद्रण घरी पट्टी बदलून लावायचं असेल तर मोबाइलवर पाच अर्धस्वर खाली उतरवता येतं, पण आवाज विचित्र वाटू लागतो. सुरावटीपुरतंच वापरा, आवाज लावण्याचा नमुना म्हणून नको.

परीक्षेची धास्ती असेल तर सोडून द्या, परीक्षक राग, ताल आणि तयारी बघतात. पट्टी विद्यार्थी सांगतो.

साथीची अडचण मात्र खरी आहे आणि कुणी आधी सांगत नाही. जनानी तंबोरा काळी तीन ते काळी पाचसाठी तारा घालून येतो. तो पांढरी चारला उतरवला की तारा सैल पडतात, जवारी (घोडीवरून तारेला मिळणारी झणझण) भसाभसा बोलते किंवा अजिबात बोलत नाही. आहे त्याच तंबोऱ्यावर एका नंबरने जाड तारा घालून जवारी पुन्हा काढून घ्या. पहिल्या तारेसाठी पोलादीऐवजी पितळेची किंवा ब्राँझची तारही चालते, मर्दानी तंबोऱ्यावर असते तशी. नवा घेणार असाल तर मिरजेच्या कारागिराला ‘बायकांचा तंबोरा’ असं सांगू नका, पट्टी सांगा. भोपळा आणि दांडीची लांबी तो त्यावरून ठरवेल.

तबल्यात आणखी गंमत आहे. काळी एकच्या पुरुषासाठी तबलजी आणतात तो तबला लहान तोंडाचा, साधारण साडेपाच इंची, कारण तो तार षड्जाला लावतात. बाईच्या काळी चारला लागतो तो त्याहून मोठ्या तोंडाचा, सहा इंचांच्या आसपासचा, मध्य षड्जाला लावलेला. पांढरी चारचा त्याहून मोठा, आणि तो फार थोड्यांकडे असतो. आयत्या वेळी तबला मिळाला नाही की सगळे गाणारीलाच ‘पट्टी जरा चढवा ना’ म्हणतात. त्यावर उपाय सोपा आहे : तबला पंचमाला लावायला सांगा. पांढरी चारचा पंचम म्हणजे पांढरी एक, आणि काळी एकचा तबला अर्धा स्वर उतरवला की तिथे येतो. मालकंससारख्या पंचम नसलेल्या रागात मध्यमाला, म्हणजे काळी पाचला लावतात. तबलजीला आदल्या दिवशी फोन करून ‘पांढरी चार, तबला पंचमाला’ एवढंच सांगा.

शिवाय, ही पट्टी जन्मभराची नाही. मासिक पाळीच्या आधी दोन-चार दिवस गळा सुजट आणि जड असतो, तेव्हा अर्धा स्वर खाली गा आणि ताना टाळा. चाळिशी-पन्नाशीत, विशेषतः पाळी गेल्यावर, आवाज आणखी उतरणं स्वाभाविक आहे. त्या वयात काळी पाच धरून ठेवण्याच्या हट्टापायी चांगले गळे खराब होतात.

मुलाचं गाणं बंद ठेवू नका. आवाज फुटताना गाऊच नये ही समजूत सर्रास आहे, पण ओरडून आणि ताणून गाऊ नये एवढंच तिच्यात खरं आहे. कंठ वाढतोय, तंतू काही महिन्यांत लांब होतायत, आणि मेंदूला नवं माप अजून कळलेलं नाही, म्हणून सूर निसटतो. रोज वीस मिनिटं, जे पाच-सहा स्वर त्या आठवड्यात नीट मिळतात तेवढ्यातच पलटे, म्हणजे सुरांच्या सरावाच्या मालिका. दर पंधरा दिवसांनी त्याचा खालचा स्वर वरच्याच रीतीने तपासा आणि पट्टी अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरवत न्या. सतरा-अठरा वर्षांपर्यंत कायमची पट्टी ठरवू नका. गुरुजी घाईने काळी एक देतील, कारण ती ‘मुलग्यांची’. गळा अजून पांढरी तीनवर असेल तर तिथेच राहू द्या. मधल्या काळात तबला, लयकारी आणि बंदिशींचं पाठांतर भरपूर होऊ शकतं.

हलक्या आवाजाबद्दल त्याला खरं ते सांगा. ख्यालात पुरुषाने पूर्ण गाणं खोट्या आवाजात गाणं मान्य नाही, आणि त्यालाही पुढे तार षड्ज छातीच्या आवाजात लावावा लागेल. पण आत्ता वरचे सूर हलके लावणं हाच त्याच्या गळ्यासाठी सुरक्षित मार्ग आहे, आणि तो आपसूकच तो निवडतोय. अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रणं त्याला ऐकवा : उंच पट्टी, बारीक, धारदार आवाज, जोराचा मागमूस नाही, आणि त्यांनी किराणा घराण्याची गायकी घडवली. चिडवणाऱ्या मुलांशी त्याने भांडायची गरज नाही. गुरुजींनी वर्गात एकदा ‘आवाज फुटताना असंच गायचं असतं’ असं म्हटलं तरी निम्मं थांबेल, आणि ते म्हणायला त्यांना सांगणं हे तुमचं काम.

दोघांपैकी कुणाचाही आवाज दोन-तीन आठवडे सलग बसलेला राहिला, गिळताना दुखलं किंवा बोलतानाही आवाज तुटू लागला, तर रियाज थांबवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा आणि दुर्बिणीतून स्वरतंतू बघून घ्या. मुलाच्या बाबतीत आवाज फुटण्याच्या नावाखाली हे वर्षभर अंगावर काढलं जातं. त्याच्या तपासणीला उशीर करू नका.